आडनावातली गावे : बेने इस्राएलांच्या मूळगावांचा प्रवास

रायगड जिल्ह्यातील अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, तळा, म्हसळा या तालुक्यांत बेने इस्राएल या ज्यू समाजाची मूळगावे विखुरलेली आहेत. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, रामला अशा शहरांत वसली. आता त्यांची मुले, नातवंडे आजी-आजोबांची गावे पाहायला कोकणात येतात. मुंबईतले एखादे सिनेगॉग, अलिबागची इस्राएल आळी आणि नवगावचे स्मारक एवढ्यावर बहुतेकांचा प्रवास आटोपतो. समाजाच्या इतिहासाकडे पाहता हा कार्यक्रम अपुरा आहे. नवगाव सगळ्यांचे आहे. घराण्याचे गाव निराळे असते आणि ते शोधावे लागते. हा समाज कोकणात कसा राहिला, गावांतून केव्हा उठला आणि जाताना मागे कोणत्या खुणा ठेवून गेला, हे कळल्याशिवाय तो शोध नीट होत नाही.

परंपरेने चालत आलेली हकिकत अशी : पश्चिमेकडून आलेले एक गलबत खांदेरी-उंदेरी या बेटांच्या आसपास खडकांवर आदळून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेते नवगावात पुरली गेली, धर्मग्रंथ समुद्रात गेले आणि वाचलेल्यांनी गावकऱ्यांच्या आश्रयाने नव्याने संसार मांडले. थळ आणि किहीम यांच्यामधल्या नवगावातील जुने दफनस्थान याच घटनेचे मानले जाते आणि समाजाचे स्मारकही तिथेच उभे आहे. समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाइम सॅम्युएल किहिमकर यांनी हे आगमन इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात धरले होते. त्याला लेखी पुरावा नाही. समुद्रातून आलेल्या चौदा देहांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीविषयीही सांगितली जाते, हे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच टिपले आहे. म्हणून सात जोडप्यांचा आकडा अक्षरशः घेता येत नाही. मात्र सगळी हकिकत कल्पित म्हणून बाजूला सारणेही चुकीचे ठरेल. नवगावच्या दक्षिणेला एका दिवसाच्या पायी अंतरावर चौल आहे. ग्रीक लेखकांना ते माहीत होते, अरबांनी त्याला सैमूर म्हटले आणि अल् मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे येऊन गेला. पश्चिम आशियातील व्यापाऱ्यांची जहाजे या किनाऱ्याला शतकानुशतके लागत होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानेही या समाजात ज्यू आणि भारतीय अशी दोन्ही पूर्वपरंपरा असल्याचे दाखवले आणि त्यांचे मिश्रण साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वी झाल्याचा अंदाज बांधला. म्हणजे पूर्वजांच्या शोधातला प्रत्येक जण एकाच वेळी समुद्रापलीकडच्या आणि याच मातीतल्या पूर्वजांकडे जात असतो.

लेखी नोंदी फार उशिरा मिळतात. युरोपीय कागदपत्रांत बेने इस्राएल हे नाव १७३८ मध्ये डॅनिश मिशनशी संबंधित सार्टोरियस या पाद्रीच्या पत्रात येते. कोचीनचे ज्यू व्यापारी एझिकेल राहाबी यांनी १७६८ मध्ये हॉलंडला लिहिलेल्या पत्रातही त्यांचा उल्लेख आहे. समाजाच्या आठवणीत मात्र दावीद राहाबी नावाचा पुरुष या एझिकेलहून मोठा आहे. त्याने कोकणातले हे लोक ज्यू आहेत की नाहीत याची परीक्षा घेतली, असे सांगतात. स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडून घेतले. त्यानंतर त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मविधी शिकवले आणि तेच पुढे काजी म्हणजे धर्मविधी चालवणारे झाले. परंपरा ही घटना हजार वर्षे मागे नेते. इतिहासकार तिचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात आणि तेच अधिक पटण्यासारखे आहे.

राहाबीच्या आधीचा धर्म कसा होता, याचे चित्र मराठी नावांतून उरलेले आहे. शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना, एवढे टिकून होते. सण होते, पण त्यांची हिब्रू नावे विसरली होती. वर्षारंभाचा सण हा नव्याचा सण होता, प्रायश्चित्ताचा दिवस दार फाळणीचा सण होता, कारण त्या दिवशी घराचे दार लावून घेत आणि कोणाशी व्यवहार करत नसत. एक खिरीचा सण होता. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा उपवास हा बिरड्याचा रोजा होता. त्या वेळी मांस वर्ज्य असे आणि वालाच्या बिरड्यावर भागवत. कुलाब्याच्या म्हणजे आजच्या रायगडच्या स्वयंपाकघरातला पदार्थ जेरुसलेमच्या दुःखाला जोडला गेला, यापेक्षा या समाजाच्या कोकणीपणाचा मोठा दाखला शोधून सापडणार नाही.

उपजीविका तेलाच्या घाण्यावर होती. तीळ, खोबरे, कारळे अशा तेलबिया बैलाच्या घाण्यावर गाळायच्या आणि तेल गावात आणि आसपासच्या पाड्यांवर विकायचे. घाणा शनिवारी बंद राही, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली हे नाव दिले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली सोमवार तेली झाले. तेल गाळण्याबरोबर थोडी शेती, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि सुतारकाम हेही होते. अलिबागच्या आंग्ऱ्यांच्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखात दोन्हीकडे ही कुटुंबे राहत होती. एका गावात एक-दोन, फार तर चार-पाच घरे असत. त्यांची स्वतंत्र वस्ती क्वचितच असे. हे विखुरलेपण घाण्याच्या धंद्याने आणले. प्रत्येक गावाला तेल लागते, पण एका गावाला फार घाणे पोसवत नाहीत. मूळगाव शोधणाऱ्याला ही गोष्ट उपयोगी पडते. मोठा ज्यू मोहल्ला शोधत गेल्यास काहीच हाती लागत नाही. गावात तेल्याचा घाणा कुठे होता, शनवार तेल्याचे घर कोणते, असे विचारले तर वयस्क गावकऱ्यांकडून उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. 

गावाचा पहिला पत्ता आडनाव देते. नवगावकर, किहिमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नागावकर, पेझारकर, आवासकर ही आडनावे अलिबाग-पेण-रोह्याच्या नकाशावर बोट ठेवत वाचता येतात. आष्टमकर हे रोह्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडल्या तीरावरच्या आष्टमीचे. झिराडकर झिराडचे, पुढे कर गळून नुसते झिराड राहिले. मुंबईच्या कामा रुग्णालयात अनेक वर्षे काम केलेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात ते गाव आजही आहे. राजपूरकर जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडचे.

पण आडनावावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. दिवेकर आडनावामागची दिवे नावाची गावे एकाहून अधिक आहेत. रोमन लिपीत लिहिताना थ आणि त, ळ आणि ल यांतला फरक पुसला जातो, त्यामुळे अलिबागच्या किनाऱ्यावरचे थळ आणि रोह्याच्या दक्षिणेचे तळे म्हणजे तळा यांची गल्लत होऊ शकते. इस्रायलमधील नातवंडांनी आडनाव हिब्रू लिपीतून वाचलेले असेल तर घोटाळा आणखी वाढतो. तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून आडनावाचा मराठी उच्चार ऐकून घेणे ही प्रवासाची पहिली तयारी. दुसरे असे की, गावावरून पडलेले आडनाव बहुधा गाव सोडल्यावर पडते. पेणमध्ये राहणाऱ्याला पेणकर म्हणून वेगळे ओळखण्याची गरज नसते. त्यामुळे रोहेकर घराण्याचे शेवटचे घर रोह्यात असेलच असे नाही. मधल्या दोन-तीन पिढ्या दुसऱ्याच गावात गेलेल्या असू शकतात. शिवाय हीच आडनावे त्या त्या गावांतल्या हिंदू आणि मुसलमान कुटुंबांचीही आहेत.

व्यक्तिनावांची गुंतागुंत आणखी मोठी आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल हा सामाजी होता, एझिकेल हा हसाजी, आयझॅक हा इसाजी, बेंजामिन हा बुनाजी. सॅम्युएल एझिकेल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर हा एकच माणूस. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी होता, म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्याने मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. मांडवी भागातले हे शार हारहमीम म्हणजे दयेचे द्वार. समाजात सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाच्या नावाचे मूळ याच मशिदीत असल्याचे सांगितले जाते. फौजेच्या कागदांत एझिकेल शोधणारा आणि गावच्या दप्तरात हसाजी न शोधणारा वंशज अर्ध्या वाटेवरच थांबतो.

मुंबईकडे येणे १७४६ च्या सुमारास सुरू झाले. फौज, गोदी, बांधकाम, पुढे रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्या यांत नोकऱ्या मिळू लागल्या आणि घाणे मागे पडले. शिक्षणाला मिशनरींनी हात दिला. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ ची पुण्यातली आवृत्ती तर चित्रांसाठी प्रसिद्ध आहे, तिच्यातल्या स्त्रिया साड्या नेसून सणाची भाकरी करताना दिसतात. १८७५ मध्ये किहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत समाजाची शाळा सुरू केली, जिला पुढे सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. मुंबईत मिळवलेला पैसा गावाकडेही गेला. रेवदंड्याचे बेथ एल १८४२ चे, अलिबागचे मागेन आबोथ १८४८ चे आणि आजची त्याची इमारत १९१० ची, पनवेलचे बेथ एल १८४९ चे, पेणचे बेथ हा-एलोहीम १८६३ चे. खेड्यापाड्यांत विखुरलेल्या घरांना सणावाराला एकत्र येण्यासाठी तालुक्याच्या बाजारगावी ही मशीद असे. म्हणून खेड्यात घर सापडले नाही तरी जवळच्या सिनेगॉगच्या जन्म-लग्नाच्या वह्या आणि देणगीच्या पाट्या पाहाव्यात. घराण्याचे नाव तिथे मिळू शकते.

स्वातंत्र्याच्या वेळी समाज सुमारे २०,००० होता. इस्रायलच्या स्थापनेनंतर स्थलांतर सुरू झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत बहुसंख्य कुटुंबे गेली. तिथे पूर्वजांचा प्रश्न एका कठोर रूपात समोर आला. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीमंडळाने आदेश काढला की, बेने इस्राएल व्यक्तीचे लग्न इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्यांनी दोन हजार वर्षे शनिवार पाळल्याचा अभिमान बाळगला, त्यांना आपल्या पणजीच्या ज्यूपणाचा पुरावा द्यावा लागणार होता, आणि तोही ज्या खेड्यांत लग्ने घरच्या ओट्यावर लागली तिथला. समाजाने जेरुसलेममध्ये आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचे जाहीर केले आणि रब्बीमंडळाला माघार घ्यावी लागली. हा अन्याय होता आणि त्याची आठवण अजून बोचते. इस्रायलमधून निघणारे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक आणि तिथल्या घरांतला मलिदा हा एलियाहूच्या नावाने होणारा विधी यांच्याकडे नुसती हौस म्हणून पाहता येत नाही, ते याच कारणाने.

गावच्या कागदांचा शोध जुन्या राज्यांच्या हद्दी समजून घेतल्याशिवाय होत नाही. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. त्याआधी पेणचा भाग १८१८ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांकडे आला. अलिबागचे आंग्ऱ्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांची जुनी दप्तरे वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा माग गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, फेरफारात आणि सातबाराच्या जुन्या उताऱ्यांत लागतो. हे कागद तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मागावे लागतात आणि जुने असतील तर ते मोडीत असतात. जातीच्या रकान्यात इस्राएल, यहुदी, तेली यांपैकी कोणताही शब्द असू शकतो. मोडी वाचणारा जाणकार आधी गाठून ठेवणे शहाणपणाचे. मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात कंपनीच्या काळापासूनचे कागद आहेत. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये समाजाचे तपशीलवार वर्णन आहे. किहिमकरांचे १८९७ मध्ये पूर्ण झालेले आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापलेले पुस्तक तर निघण्यापूर्वी वाचायलाच हवे.

प्रवासाचा क्रम उलट्या काळाने लावणे चांगले : आधी मुंबई, मग तालुक्याचे गाव, मग खेडे आणि शेवटी नवगाव. मुंबईत आजोबा ज्या सिनेगॉगचे सभासद होते तिथली नोंद बहुधा पुढच्या गावाचे नाव देते. तिथून दोन वाटा फुटतात. एक गेटवेहून किंवा भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला बोटीने, आणि तिथून आवास, किहीम, नवगाव, थळ, अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा असे किनाऱ्याने खाली. खाडी ओलांडून कोर्लई, नांदगाव, मुरूड, राजपुरीपर्यंत. दुसरी पनवेल, पेण, पेझारीकडून अलिबागला किंवा पेणहून दक्षिणेला रोहा-आष्टमी, तळा, म्हसळा अशी आतल्या अंगाने जाते. पावसाळ्यात मांडव्याच्या लहान बोटी बंद असतात, शिवाय दफनभूमींत गवत कमरेएवढे वाढते. तेव्हा दिवाळीनंतरचे दिवस योग्य. शनिवार आणि सणाचे दिवस कागद पाहण्यासाठी टाळावेत.

जानेवारी-फेब्रुवारीत येणारा तू बिश्वात हा झाडांचा सण साधता आला तर उत्तम. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एलियाहू हन्नाबीचा टापा आहे. प्रेषित एलियाहूचा अग्निरथ या खडकावरून आकाशात गेला आणि चाकांच्या, घोड्यांच्या टापांच्या खुणा दगडात उमटल्या, अशी श्रद्धा आहे. सणाच्या दिवसांत समाजाचे लोक तिथे जाऊन मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वर फळे, आणि एलियाहूच्या नावाने आशीर्वाद. नवस फेडायला, लग्न ठरल्यावर, नव्या घरात जाताना आणि परदेशातून परतल्यावरही मलिदा होतो. परगावी गेलेली कुटुंबे त्या वेळी एकत्र भेटतात आणि कोणाचे कोण कुठले, याची जी माहिती कोणत्याही दप्तरात नाही ती तिथे तोंडी मिळते.

दफनभूमीत सर्वांत जुन्या थडग्यांवर अक्षरे नसतात. नुसते दगड रचलेले किंवा उंचवटा. एकोणिसाव्या शतकापासूनच्या थडग्यांवर हिब्रू, मराठी आणि कधी इंग्रजी असा लेख असतो आणि त्यातला मराठी भाग वंशजाच्या सर्वांत कामाचा, कारण गावचे नाव आणि वडिलांचे घरगुती नाव तिथेच येते. खारी हवा, मुळ्या आणि जमिनींचे वाढते भाव यांमुळे हे लेख झपाट्याने नाहीसे होत आहेत. समाजाला महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, तरी अनेक खेड्यांत थडग्यांची राखण करायला समाजाचा एकही माणूस उरलेला नाही. मूळगाव पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घराण्याचाच नव्हे, तर त्या दफनभूमीतला वाचता येईल तो प्रत्येक लेख उतरवून किंवा छायाचित्र काढून जवळच्या सिनेगॉगला एक प्रत द्यावी. आणि ज्या गावकऱ्यांच्या वाड्यांना लागून ही थडगी आहेत, त्यांनी दगड हलवण्याआधी त्यावरची अक्षरे कोणाला तरी दाखवावीत.